मन नसताना केलेल्या गोष्टींना आपण काय काय म्हणतो?

पानगळ

कौटुंबिक समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांचं म्हणणं लिहून घेणं हे माझं रोजचं काम. तोंडी ऐकायचं आणि छापील नमुन्यात बसवायचं. त्या नमुन्यात एक रकाना आहे, 'संमती होती / नव्हती'. समोर बसलेली बाई या दोन्हींतलं काहीच म्हणत नाही. ती म्हणते, "माझ्या अगदी जिवावर आलं होतं, पण मामांची भीड मोडवेना." दुसरी म्हणते, "सगळे बसलेले, मग गप गुमान सही केली." तिसरी, "मला भरीला घातलं." चौथी नुसतं एवढंच, "नाइलाज होता ताई." रकान्यात चौघींपुढे एकच खूण होते, आणि पुढे तो कागद जिथे जाईल तिथे चौघींची हकीकत सारखीच ठरते.

मला हे सहन होत नाही, म्हणून हा धागा.

मराठीत मन नसण्याचे शब्द भरपूर आहेत. शाळेत ते समानार्थी म्हणून शिकवतात, पण ते समानार्थी नाहीत असं माझं ठाम मत आहे. दाब कुठून आला हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो. 'जिवावर येणं' यात बाहेरचं कोणी नसतंच. सकाळी उठायचं जिवावर येतं, कंजूष माणसाच्या पैसे द्यायचे तर जिवावर येतं. 'भिडेखातर' म्हटलं की समोर एक माणूस उभा राहतो, बहुधा मोठा, बहुधा आपला, आणि त्याने आवाजही चढवलेला नसतो. 'नाइलाजाने' मध्ये परिस्थिती असते. 'भरीला घालणं' यात कोणीतरी मागे लागून, गोड बोलून, पुन्हा पुन्हा सांगून आपल्याला ढकललेलं असतं. 'सक्ती', 'बळजबरी', 'जुलूम' हे उघड आहेत, त्यांच्याबद्दल फार बोलायला नको.

आणि 'मुकाट्याने', 'निमूटपणे', 'गुमान' हा वेगळाच गट. हे शब्द मनाबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त तोंड बंद होतं एवढंच सांगतात. तरी गंमत पाहा, कागदावर नेमकी हीच गप्प बाई 'संमती होती' मध्ये जाते.

तुमच्या भागात, तुमच्या कामाच्या ठिकाणी यासाठी काय बोललं जातं, ते सांगा. कोणत्या प्रसंगी कोणता शब्द तोंडात येतो तेही लिहा. नुसती यादी मला उपयोगाची नाही.

जुनापिंपळ

चांगला विषय काढलात. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो.

नाइलाज, लाचार, निरुपाय हे तिन्ही शब्द घडणीने एकच आहेत. ना आणि इलाज. ला आणि चारा. निर् आणि उपाय. 'चारा' म्हणजे फारसीत उपाय, आपण 'दुसरा चारा नव्हता' म्हणतो तोच. तिन्हींचा अक्षरशः अर्थ 'उपाय नसणे' इतकाच. पण मराठीत त्यांची वाट लागली ती तीन दिशांना. नाइलाज झालेल्या माणसाबद्दल आपल्याला सहानुभूती वाटते. निरुपाय कागदोपत्री राहिला, पत्राच्या शेवटी 'निरुपायाने कळवावे लागत आहे' असा. आणि लाचार हा शब्द चक्क शिवी झाला. 'लाचारी पत्करली' म्हटलं की त्या माणसाचा कणाच मोडला असं आपण ठरवून टाकतो.

उपाय तिघांनाही नव्हता. मग एकालाच दोष का? ज्याच्याकडे पडायला थोडीफार जागा होती त्याचा नाइलाज होतो, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो लाचार ठरतो, असं मला दिसतं. गरिबाच्या वाट्याला कठोर शब्द आला.

'गत्यंतर नाही' आणि 'अगतिक' या जोडीचंही तसंच. पहिला साहेबाच्या तोंडी, दुसरा अर्जदाराबद्दल.

वऱ्हाडवाट

आमच्याकडे 'जावं लागते' पेक्षा 'जा लागते', 'करा लागते' असंच बोलतात. "मले जा लागते बापा, नाई म्हणता येत नाई." हे 'लागते' दिवसभर कानावर पडत असते. शेतातलं, घरातलं, सगळंच 'करा लागते'. जिवावर येणं आहेच. बळजबरीले 'बळजोरी'.

नळदुर्गची_वाट

सोलापूर-धाराशिवकडे 'जाऊ वाटंना', 'खाऊ वाटंना', 'बोलू वाटंना' असं म्हणतात. 'जावंसं वाटत नाही' चं हे आमचं रूप. लेक माहेराहून परत निघताना आईजवळ बसून म्हणते, "जाऊच वाटंना गं." आई काय बोलणार, ती पिशवी भरत राहते. या 'वाटंना' ला कोणी नकार मानत नाही. ती संध्याकाळच्या गाडीने जातेच.

बोरूटाक

मी दस्त लिहिण्याचं काम करतो. पानगळताई, तुमच्या रकान्याचा थोरला भाऊ आमच्याकडे आहे. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, मृत्युपत्र असो, मजकुरात हे वाक्य येतंच: 'मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता हा दस्त लिहून देत आहे.' शेकडो दस्तांत हेच. लिहिताना हात आपोआप चालतो.

पण हक्कसोडपत्र लिहिताना माझा हात अडतो. वडील गेल्यावर बहिणी भावाच्या नावे वाटा सोडतात तो हा दस्त. आमच्याकडे येणारी मंडळी बघा. बहीण शेजारी बसलेली असते, पण तिचं आधार कार्ड, तिचे फोटो, तिच्या झेरॉक्स, सगळं भावाच्या पिशवीतून निघतं. भाऊच सांगतो, "लिहा, ताईची काही हरकत नाही." ताई मान हलवते. आत निबंधकांसमोर दस्त करून दिल्याचं कबूल करते, अंगठा देते, फोटो निघतो. नंतर साडीचोळी होते. बाहेर पडताना एखादी हळूच म्हणते, "माहेर तुटायला नको." तिने राजीखुशीने दिलं का? कागदावर हो.

कायदा इथे बहिणीच्या बाजूने उभा आहे, हेही सांगायला हवं. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, देशभर तो 2005 च्या दुरुस्तीने आला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. हक्क मिळाला, म्हणून तर हक्कसोडपत्रं लिहून घ्यायची घाई झाली. 1872 च्या करार कायद्यात मोकळ्या मनाने दिलेल्या संमतीची व्याख्या आहे. धाकदपटशा वेगळा धरलाय, आणि ज्याचं आपल्यावर वजन आहे त्याने ते वजन वापरून करून घेतलेली गोष्ट वेगळी धरलीय. ही दुसरी म्हणजे आपली भीडच की. पण भीड सिद्ध कशी करणार? साक्षीला कोण येणार, भावजय?

घाटमाथा

पानगळ, मूळ मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. शब्द दाबाचा पत्ता सांगतो असं तुम्ही म्हणता. बोलणारा दुबळा असेल तर खरं आहे. पण ज्याच्या हातात सत्ता आहे तोही हेच शब्द वापरतो, आणि तेव्हा ते पत्ता लपवतात. 'आपण थकबाकी न भरल्यास नाइलाजास्तव पुरवठा खंडित करावा लागेल.' कसला नाइलाज? वायर कापायला माणूस तुमचा, पक्कड तुमची. 'नाइलाजाने लाठीमार करावा लागला', 'नाखुषीने निर्णय घ्यावा लागला'. वर्तमानपत्रात रोज वाचतो आपण. दंडुका हातात असणाऱ्याने 'नाइलाज' म्हटलं की दोष मार खाणाऱ्यावर सरकतो.

घरातही असंच चालतं. सासू म्हणते, "माझा नाइलाज आहे गं, यांना चालत नाही." सासरे म्हणतात, "माझं काही नाही, चार लोक काय म्हणतील?" मुलगा म्हणतो, "आईपुढे माझं चालत नाही." सगळ्यांचाच नाइलाज, आणि सून उपाशी.

तेव्हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे लिहिल्याशिवाय त्याला किंमत देऊ नका, एवढंच म्हणणं.

पानगळ

घाटमाथा, पटलं. सासरच्या मंडळींचं म्हणणं लिहून घेताना 'नाइलाज' हा शब्द मीही ऐकते, आणि तिथे तो हात झटकायला येतो. आणखी एक ऐकते. बाईला समजावताना नातेवाईक तुकोबांना मध्ये आणतात, 'आलिया भोगासी असावे सादर'. पुढचं 'देवावरी भार घालूनिया' कोणी म्हणत नाही. तुकोबा भार देवावर घालायला सांगतात, ही मंडळी तो बाईवरच ठेवतात. त्या अभंगाचा असा वापर ऐकला की मला राग येतो.

बोरूटाककाका, पिशवीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ थांबले. कागदपत्रं कोणाच्या हातात होती, हे आता मीही विचारणार.

क्रियाविशेषण

व्याकरण शिकवते, म्हणून त्या बाजूने लिहिते. मला वाटतं खरा खजिना नामांत नाही, क्रियापदांत आहे.

पानगळताईंचं पहिलंच वाक्य घ्या. 'भीड मोडवेना.' यात दोन गोष्टी एकत्र आल्यात.

पहिली, तो 'व'. बघवत नाही, सोडवत नाही, सांगवत नाही, मागवत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात, म्हणजे कर्त्याच्या अंगी ते करण्याची शक्ती आहे की नाही हे सांगणारं. पण 'मला त्याची दशा बघवत नाही' म्हणणाऱ्याचे डोळे धड असतात. 'मला मागवत नाही' म्हणणाऱ्याला जीभ असते. शरीर तयार असतं, आत काहीतरी अडतं, आणि मराठी त्या अडण्यालाही 'शक्ती नाही' असंच म्हणते. इच्छा नसणं आणि बळ नसणं यांच्यात इथे भाषा फरकच करत नाही. मला हे फार खरं वाटतं. भिडेपुढे गप्प बसलेल्या बाईला 'तू नाही म्हणू शकली असतीस' असं सांगणाऱ्यांनी हे रूप समजून घ्यावं. तिला म्हणवलं नाही.

यात आणखी एक मेख आहे. प्रयोजक क्रियापदातही हाच 'व' येतो. 'तो माझ्याकडून काम करवतो' आणि 'मला काम करवत नाही'. एकात दुसरा माणूस करायला भाग पाडतोय, दुसऱ्यात स्वतःलाच करता येत नाहीये, आणि प्रत्यय तोच.

दुसरी गोष्ट, तो शेवटचा 'ना'. पोर जेवेना, बैल उठेना, कुलूप निघेना, पाऊस थांबेना. 'पोर जेवत नाही' म्हणजे नुसती माहिती. 'पोर जेवेना' म्हटलं की समोर कोणीतरी घास घेऊन बसलंय आणि हट्टाला पेटलंय. या रूपात समोरून जोर लावणारा कायम गृहीत असतो. म्हणून कुलपालासुद्धा स्वतःचं मन असल्यासारखं वाटतं. नळदुर्गची_वाट यांनी लिहिलेलं 'जाऊ वाटंना' यातही तोच 'ना' आहे.

आता पानगळताईंच्या कामाचं. 'लागणे' आणि 'लावणे' ही जोडी बघा. 'मला सही करावी लागली.' कर्ता कुठे आहे? 'मला' आहे, सही आहे, लावणारा गायब. 'त्यांनी मला सही करायला लावली.' आला की नाही समोर? 'माझी सही घेतली', 'सही करून घेतली' यातही घेणारा असतोच, विचारलं की नाव निघतं. बायका बहुधा 'लागली' म्हणतात, कारण 'लावली' म्हटलं की कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं. जबाब लिहिताना एकच प्रश्न विचारा: लागली, की लावली?

वऱ्हाडवाट

हे वाचून सकाळपासून डोक्यात तेच सुरू आहे. माझ्या आईनं जन्मभर 'करा लागते' म्हटलं. 'करायला लावते' असं एकदाही म्हटलं नाही, कोणाचंच नाव घेतलं नाही.

साकव

क्रियाविशेषण, तुमचा प्रतिसाद उतरवून ठेवला. 'भाग पडणे' यात कोण असतं? 'त्याला राजीनामा देणं भाग पडलं' असं आपण लिहितो, त्यात लावणारा आहे की नाही?

डहाणूकाठ

वेठीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात हा शब्द पुस्तकातला नाही.

वेठ म्हणजे संस्कृतातली विष्टि, फुकट राबवून घेणं. बिगार फारसी, अर्थ तोच. दोन्ही जोडून वेठबिगार. डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांना सावकाराच्या, जमीनदाराच्या शेतावर आधी राबावं लागे, स्वतःचं शेत मागून. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्या घरी कायमची अडकत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. स्वतःच्या लग्नाने गडी झालेला माणूस. हा शब्द पहिल्यांदा समजला तेव्हा मला झोप लागली नव्हती. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली उठले, वेठ नाकारली, लग्नगडी सुटले. गोळीबार झाले, माणसं मेली. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा मात्र आला 1976 मध्ये.

आणि आता शहरात 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं' असं मथळ्यात येतं. बस उशिरा आली म्हणजे वेठ नव्हे. 'वेठ मारणे' म्हणजे काम कसंतरी उरकणं, हा वाक्प्रचारही मला खटकतो. फुकट राबणाऱ्याने मन लावून काम का करावं? त्याचा नकार तेवढाच शिल्लक होता, आणि भाषेने त्याला कामचुकारपणा ठरवलं.

घाटमाथा यांच्या मुद्द्याला एक जोड. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी घातली. 1982 मध्ये एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कोणी राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच. का? तर भुकेने, गरिबीने दुसरी वाट ठेवली नसेल तर तीही सक्तीच आहे. मजूर स्वतः चालत आला होता, कोणी हात धरून आणलं नव्हतं, तरीही. म्हणजे आपण ज्याला नाइलाज म्हणतो त्याला न्यायालयाने वेठ म्हटलं. जुनापिंपळ यांनी लाचार शब्दाबद्दल लिहिलंय त्याला हे उत्तर आहे असं मी मानतो.

जुनापिंपळ

डहाणूकाठ, मानलं. 'वेठीस धरणे' यापुढे जपून वापरेन.

गिरणगाव

साकव यांनी राजीनाम्याचं उदाहरण दिलंय त्यावरून. राजी म्हणजे मान्य असलेला, नामा म्हणजे कागद. राजीनामा म्हणजे मुळात मान्यतेचा कागद. वादातली तडजोड झाली की राजीनामा होई, शेतकरी जमिनीवरचा कब्जा सोडे तोही राजीनाम्याने. आज आपण काय म्हणतो? 'त्याचा राजीनामा घेतला.' राजीपणा कोणी घेऊ शकतो का?

वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर हळूहळू सगळं बंद पडत गेलं आणि शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. चाळीत तिला सगळे 'सक्तीची स्वेच्छानिवृत्ती' म्हणायचे, लहानथोर सगळे, आणि कोणाला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. अर्जावर छापलेलं होतं की मी स्वतःच्या इच्छेने. सही वडिलांचीच होती. दुसरा अर्ज खिडकीवर ठेवलेलाच नव्हता.

लिंबलोण

इतकं गंभीर चाललंय, पण एक दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे मन असूनही लगेच हो म्हणायचं नाही अशी रीत आहे ना? पंगतीत जिलेबी आली की हात आडवा धरायचा. आहेर नको नको म्हणायचं. गाणं म्हण म्हटलं की घसा बसलाय सांगायचं. आढेवेढे घेणं, का कू करणं, हो-ना करता करता तयार होणं, हे शब्द त्यासाठी आहेत. यजमान आग्रह करतो, पाहुणा अळंटळं करतो, दोघांनाही ठाऊक असतं. यात मला गोडवा वाटतो. तो जाऊ नये.

पानगळ

लिंबलोण, पंगतीतला आग्रह मलाही आवडतो. पण ज्या घरात नकाराला तीनदा विचारायची सवय असते, त्या घरात मुलीचा नकारही आढेवेढे म्हणूनच मोजला जातो. "पोरी आधी नाहीच म्हणतात, लाजतात, मग रुळतात." हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय! जिलेबीचा नियम स्थळाला लावतात. ताटावर हात आडवा धरणाऱ्याला एक जिलेबी जास्त वाढली तर काही बिघडत नाही. मुलीच्या 'नको' चं तसं नाही, आणि हे दोन 'नको' वेगळे ओळखणं ही ऐकणाऱ्याची जबाबदारी आहे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

चौदावीगल्ली

स्थळावरून आठवलं, रखमाबाईंचं नाव या धाग्यात यायलाच हवं.

अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावलं गेलं. त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच राहून शिकत राहिल्या. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की बायको माझ्याकडे नांदायला यावी. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. मनाविरुद्ध कोणा बाईला असं नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना अमानुष वाटलं. मग अपील, फेरसुनावणी, आणि 1887 मध्ये निकाल उलटा: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन अनेक वर्षं सुरतेला आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यात काम केलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही, म्हणून ते मला बांधत नाही. नाइलाज नाही, भीड नाही, जिवावर आलं नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं. तेवढ्याने केवढा गहजब झाला! त्यानंतर 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीसाठी दहाचं वय बारा झालं, आणि त्यालाही लोकमान्य टिळकांसारख्यांनी विरोध केला. विरोध सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये म्हणून होता, हे मला माहीत आहे. तरीही त्या वादात त्या दहा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारल्याचं दिसत नाही, आणि हे मला क्षम्य वाटत नाही.

नाटकवेडा

थोडक्यात एक भर. मारून मुटकून वैद्यबुवा ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. मोलिएरचं 1666 चं फ्रेंच नाटक आहे, त्यात एका लाकूडतोड्याला चोप देऊन देऊन डॉक्टर व्हायला लावतात. हरी नारायण आपट्यांनी ते मराठीत आणलं ते याच नावाने. मोलिएरच्याच आणखी एका प्रहसनाला त्यांनी 'जबरीचा विवाह' हे नाव दिलं. 'जबरी' हा शब्द आता फक्त 'जबरी चोरी' त उरलाय, आणि तरुण मंडळींच्या तोंडी 'जबरी!' म्हणजे उत्तम.

देवराई_7

गीतेतला अर्जुनाचा प्रश्न आठवतो, तिसऱ्या अध्यायातला. 'अनिच्छन्नपि वार्ष्णेय बलादिव नियोजितः'. इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने जुंपल्यासारखा, माणूस पाप का करतो? तो 'इव' महत्त्वाचा. जणू. बळ लावणारा कोणी दिसत नाही. कृष्ण उत्तर देतो: काम आणि क्रोध. म्हणजे दाब आतूनच.

धाग्यात सगळे बाहेरचे दाब आले. दारू सोडायची इच्छा असलेला माणूस संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो, त्याला मराठीत आपण काय म्हणतो? 'राहवत नाही.' तिथेही क्रियाविशेषण यांचा 'व' आहे. माझ्या धाकट्या भावाला मी या एका शब्दापायी गमावलं. त्याला कोणी लावलं नव्हतं, आणि त्याची इच्छाही नव्हती. तो आम्हाला शपथेवर सांगायचा, आणि ते खरं होतं.

क्रियाविशेषण

देवराई, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. 'राहवत नाही' माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते सगळ्यांत कठीण रूप आहे.

पानगळ

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद वाचून आम्ही केंद्रात बसून बोललो. छापील नमुना बदलणं आमच्या हातात नाही, तो वरून येतो. पण त्याला जोडायचा कागद आमचा आहे.

त्यावर आता बाईचं क्रियापद तिच्याच शब्दांत, अवतरणात उतरवायचं ठरलं. ती 'वाटंना' म्हणाली तर 'वाटंना', 'करा लागलं' म्हणाली तर 'करा लागलं'. आपण शुद्ध करून 'अनिच्छेने' लिहायचं नाही. त्याखाली हे विचारायचं: हे करायला कोणी सांगितलं? तेव्हा खोलीत कोण कोण होतं? कागद कोणाच्या हातात होते? नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं असं वाटत होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जणी लगेच देतात. 'माहेर तुटलं असतं', 'पोरं ठेवून घेतली असती', 'काही नाही, नुसते रुसले असते'. या तीन उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आजवर ते आमच्या कागदावर येत नव्हतं.

'लागली की लावली' हा प्रश्न मी परवा विचारून पाहिला. बाई पुष्कळ वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लिहू नका, पण लावली." तिने लिहू नका म्हटलं, म्हणून लिहिलं नाही. हे कसं हाताळायचं ते आमचं अजून ठरलेलं नाही. कोणी अशा प्रकारचं काम करत असेल तर कृपया लिहा.

बोरूटाक

ताई, आमच्याकडे एक ज्येष्ठ वकील होते. हक्कसोडपत्राआधी ते भावाला चहा प्यायला खाली पाठवायचे आणि बहिणीशी एकटीशी बोलायचे. मग तिला सांगायचे, 'आज सही केलीच पाहिजे असं नाही, पुढच्या महिन्यात या.' काही परत यायच्या, काही यायच्या नाहीत. भावाला ते स्वतःच सांगायचे की कागदात त्रुटी आहे. तिच्यावर काही येऊ द्यायचे नाहीत. तुमच्या त्या बाईचं नाव न लिहिता तिला वेळ मिळवून देता येईल का, ते बघा.

साकव

माझा 'भाग पडणे' चा प्रश्न राहिलाच.

क्रियाविशेषण

राहिला खरा. 'भाग पडणे' मध्येही लावणारा नसतो, 'लागणे' सारखंच. 'देणं भाग पडलं' म्हणजे देणं आपल्या वाट्याला आलं. कोणी वाटा टाकला ते वाक्य सांगत नाही. पण 'पडणे' च्या जागी 'पाडणे' घाला. 'त्यांनी मला भाग पाडलं.' पडलं आणि पाडलं, लागली आणि लावली. बातमीत 'राजीनामा देणं भाग पडलं' असं दिसलं की हा बदल करून बघा आणि पाडणाऱ्याचं नाव बातमीत कुठे आहे ते शोधा.